भुरीचा गुडघा, सांबारवडी आणि लिफ्ट : आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमची सोसायटी, मनीषनगर, नागपूर

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तळमजल्याच्या फलकावर आपली सूचना लागली. ‘सोसायटीच्या आवारात तसेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळीव प्राण्यांच्या उपचाराकरिता कोणत्याही स्वरूपात पैसे मागणे, डबा ठेवणे, खाद्यपदार्थ विकणे यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्या सभासदाकडून दंड वसूल करण्यात येईल.’ खाली सही, शिक्का. सूचनेत माझं नाव नाही. पण पाळीव प्राण्याच्या उपचारासाठी पैसे गोळा करणारं घर या सोसायटीत सध्या एकच आहे, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं. ग्रुपवर दिलं असतं, पण त्याच दिवसापासून ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. म्हणून हे खुलं पत्र. शिवाय असल्या सूचना काही आपल्याच फलकावर लागत नाहीत. बेसा, वर्धा रोड, त्रिमूर्तीनगर, जिथे जिथे फ्लॅट स्कीम आहेत तिथल्या कुत्री पाळणाऱ्यांना त्या तोंडपाठ असतील.

जे नवीन राहायला आलेत त्यांच्यासाठी सांगते. भुरी ही आमची कुत्री, वय सहा वर्षं, वजन चोवीस किलो, जात गावठी. सी विंगचं बांधकाम चालू होतं तेव्हा रेतीच्या ढिगावर जन्मली. बाकीची पिल्लं एकेक करून गाडीखाली गेली, ही उरली आणि माझ्या मुलाने शर्टात गुंडाळून वर आणली. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो, कार्ड दाराच्या मागे लटकवलेलं आहे, कुणीही येऊन पाहावं. पहाटे दूधवाला आला की दोनदा भुंकते आणि गप्प होते. याहून जास्त भुंकल्याची तक्रार आजवर लेखी आलेली नाही.

दिवाळीच्या सुमारास ती मागचा डावा पाय टेकवेनाशी झाली. मुरगळला असेल म्हणून आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. शेजारच्या एका भल्या माणसाने घरातली आयबुप्रोफेनची गोळी द्या म्हणून सुचवलं. दिली नाही ते बरं झालं, कारण ती गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते आणि किडनीवर जाते. ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. मग सेमिनरी हिल्सला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. १९५८ पासूनचं हे कॉलेज आपल्या शहरात आहे आणि गायी-म्हशींपासून सशापर्यंत सगळं तिथे येतं. तिथल्या डॉक्टरांनी भुरीला आडवं केलं, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे सरकवून दाखवली. ड्रॉवर उघडावा तशी ती पुढे आली. गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटला होता.

आता हा आजार समजून घेतल्याशिवाय खर्च समजणार नाही, म्हणून दोन मिनिटं द्या. कुत्र्याचा मागचा गुडघा उभं राहतानाही वाकलेलाच असतो आणि नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे पायावर भार आला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरायला बघतं. त्याला धरून ठेवतो तो हा लिगामेंट. तो बहुतेक वेळा एका उडीने तुटत नाही. आतून झिजत झिजत जातो आणि एखाद्या साध्या पायरीवर शेवटचा धागा सुटतो. म्हणून लॉबीतल्या नव्या गुळगुळीत टाइल्सना मी दोष देत नाही. (त्या टाइल्सवर बी विंगमधले आजोबा पडले, तो वेगळा विषय आहे आणि तोही कधीतरी घ्यावा लागेल.)

लहानखुऱ्या कुत्र्यांत सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा ओवून भागतं. ते स्वस्त पडतं. पण चोवीस किलोच्या, अंगाने चपळ असलेल्या जनावरात तो धागा सैल पडायचा धोका जास्त असतो. तिच्यासाठी टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया सुचवली गेली. यात सर्जन नडगीचा माथा गोलाकार करवतीने कापतो, फिरवून त्याचा उतार जवळजवळ सपाट करतो आणि त्या जागी प्लेट व स्क्रू बसवून हाड घट्ट करतो. मग लिगामेंट नसला तरी गुडघा घसरत नाही. हे काम करणारे सर्जन बाहेरगावाहून ठरावीक दिवशी नागपुरात येतात. न केलं तर गुडघ्यात संधिवात बसतो, आणि सगळा भार दुसऱ्या पायावर गेल्याने तोही जायला टेकतो. एक पाय गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ अर्ध्यांना पुढे दुसऱ्या पायाचंही हेच होतं, असं डॉक्टर सांगतात.

शस्त्रक्रिया मागच्याच महिन्यात व्हायची होती. पण आधीच्या रक्ततपासणीत गोचीड ताप निघाला, प्लेटलेट खाली गेलेल्या. अशा रक्तावर हाड कापायला कुठलाही शहाणा सर्जन तयार होत नाही. डॉक्सीसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स लागला. तो आता संपला, प्लेटलेट वर आल्या, आणि पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे.

खर्चाचा अंदाज दवाखान्याने लिहून दिला तो असा : सर्जन, भूल आणि थिएटर मिळून ५२,००० रुपये, प्लेट आणि स्क्रू २४,०००, एक्स-रे व रक्ततपासण्या ९,५००, दाखल ठेवण्याचे ८,०००, औषधं आणि ड्रेसिंग ६,५००, नंतरचे एक्स-रे आणि फिजिओथेरपी १५,०००. एकूण १,१५,०००. आमच्या घरातून ६०,००० उभे केले. त्यात सासूबाईंनी स्वतःहून काढून दिलेली पोस्टातली रक्कम आहे, आणि या सासूबाईंनी भुरी घरात आली तेव्हा तीन दिवस अबोला धरला होता. उरलेल्यासाठी आम्ही ओळखीच्यांकडे आणि शेजाऱ्यांकडे हात पसरला. पसरला असंच म्हणते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. आजवर ३८,४०० जमले. १६,६०० कमी आहेत.

अशी सगळी परिस्थिती असताना आपली सूचना लागली. तिच्याबद्दलच्या आणि तिच्या आधीच्या काही गोष्टींबद्दलच्या माझ्या तक्रारी आता सांगते.

पहिली तक्रार सांबारवडीच्या रविवारची. थंडीत सांबार (म्हणजे कोथिंबीर) स्वस्त असतो, जुडी हातात मावत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्यात आलं की वड्या करून विकू, जमेल ते भुरीला. बेसनाची पारी, आत सांबार, खोबरं, खसखस, तीळ, सोबत कढी. दोघी-तिघी पहाटेपासून राबल्या. पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात दोन टेबलं मांडली, कुणाची गाडी अडली नाही. पोट्ट्यांनी पुठ्ठ्यावर भुरीचं चित्र काढून लावलं, त्यात तिला पाच पाय झाले होते. दोन तासांत ७,३५० रुपये जमले. मग आपल्यापैकी एक सदस्य खाली आले आणि आमच्याशी एक शब्द न बोलता वॉचमनला म्हणाले, ‘हे सगळं हटव.’ वॉचमनची अवस्था आपण पाहायला हवी होती. त्याने आदल्याच क्षणी वीस रुपये देऊन वडी घेतली होती, ती त्याच्या हातातच होती. कढीचं पातेलं उचलून जिन्यात ठेवताना काकूंच्या साडीवर सांडलं. सदस्य आमच्याशी बोलले असते तर आम्ही पंधरा मिनिटांत आवरलं असतं. नियम दाखवला असता तर वाचला असता. वॉचमनला मध्ये घालून सभासदांना हुसकावणं, ही रीत आपल्या सोसायटीची नव्हती.

दुसरी तक्रार सूचनेचीच. हा ठराव कुठल्या बैठकीत झाला? इतिवृत्तात आहे का? दंड किती, आणि तो कोणत्या उपविधीखाली? कार्यकारिणीच्या दोन सदस्यांना मी स्वतः विचारलं, दोघांनाही फलक वाचूनच कळलं होतं. सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. इतक्या वर्षांत त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण एकट्याने ठराव करण्याची सोय अजून आलेली नाही.

तिसरी तक्रार पैशाबद्दलच्या कुजबुजीची. ‘एवढे पैसे खरंच कुत्र्यावर जाताहेत का?’ हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. पैसे देणाऱ्याला तो हक्कच आहे. पण तो मला विचारा, लिफ्टच्या दारात दुसऱ्याला विचारू नका. दर रविवारी जमेचा कागद आणि बिलांच्या प्रती मी फलकावर लावत होते. तो कागद आपल्या सूचनेला जागा करायला काढला गेला. या पैशाला कुठल्याही कर-सवलतीची पावती मिळत नाही, कारण आम्ही नोंदणीकृत संस्था नाही, हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. खजिनदारसाहेब म्हणाले की जमलेल्या पैशावर मला आयकर भरावा लागेल. साहेब, आपला अभ्यास माझ्याहून जास्त, पण नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त असते आणि बाकीच्यांकडून वर्षभरात मिळून आलेले पैसे ५०,००० च्या वर गेले तरच कर लागतो. आम्ही आज त्या रेघेच्या खाली आहोत. काही उरलंच तर देणाऱ्यांना विचारून सोसायटीबाहेरच्या कुत्र्यांच्या रेबीज लसीसाठी वापरू, हेही त्याच कागदावर होतं.

चौथी गोष्ट ग्रुप बंद व्हायच्या आधी त्यावर जे आलं त्याबद्दल. ‘कुत्र्यावर लाख रुपये? त्यापेक्षा गरिबाच्या पोराची फी भरा.’ या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण ते चिडून झटकण्यासारखं नाही. ज्या शहरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, वऱ्हांड्यात गडचिरोली-गोंदियाहून आलेली माणसं सतरंजी टाकून झोपतात, तिथे कुत्र्याच्या गुडघ्यासाठी पैसे मागताना माझीही जीभ अडखळते. पण माणसासाठी, कितीही अपुरं असलं तरी, काहीतरी उभं आहे. मेडिकल आहे, मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. शेतकऱ्याची गाय अडली तर १९६२ ला फोन लावला की फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. घरातल्या कुत्र्यासाठी सेमिनरी हिल्सचा दवाखाना सोडला तर घरच्यांचा खिसा, एवढंच. विमा मिळतो, पण आधीच झालेला आजार त्यात बसत नाही आणि वय वाढलं की नवा विमा द्यायला कंपनी कुरकुरते. सरकार दवाखान्यातल्या प्राण्यांच्या उपचारसेवेवर जीएसटी लावत नाही; म्हणजे तो आरोग्याचाच खर्च आहे, चैनीचा नाही, एवढं तरी दिल्लीला मान्य आहे. शेजाऱ्यांकडे मागायची वेळ अशीच येते.

आणि ‘त्यापेक्षा’ म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. दोन पावसाळ्यांपूर्वी वॉचमनच्या मुलीला डेंग्यू झाला, तेव्हा याच पार्किंगमध्ये पैसे जमवले होते. जमवणारी मीच होते, यादी माझ्याकडे आहे. भुरीला पैसे देणाऱ्यांतली बहुतेक नावं त्याही यादीत आहेत. ज्यांनी ‘गरिबाच्या पोराला द्या’ असं लिहिलं त्यांची नावं मी शोधली, आणि काय आढळलं ते इथे लिहीत नाही. त्या वेळी कुणी परवानगी मागितली नव्हती, सूचना लागली नव्हती. उलट पंधरा ऑगस्टच्या भाषणात अध्यक्षांनी कौतुक केलं होतं. गणपतीच्या वर्गणीचं तर मी बोलतच नाही. ती दारोदार जाऊन घेतात, आकडा घेणाराच सांगतो, आणि कमी दिली तर पुढच्या वर्षीपर्यंत ऐकावं लागतं. आम्ही एकाही दाराची बेल वाजवली नाही.

‘एक इंजेक्शन द्या आणि मोकळे व्हा’ असंही एकाने लिहिलं. सहा वर्षांच्या, नीट जेवणाऱ्या, फक्त गुडघा दुखणाऱ्या जनावराबद्दल. याला उत्तर देत नाही.

‘सुप्रीम कोर्टाने कुत्र्यांबद्दल काय सांगितलंय माहीत आहे ना?’ हा आणखी एक संदेश. माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मधले ते आदेश भटक्या कुत्र्यांबद्दलचे होते. घरात पट्ट्याने बांधलेल्या, लस घेतलेल्या कुत्रीचा त्यांच्याशी संबंध नाही. आपल्याच नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं होतं की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पण त्या आदेशाच्या मापाने मोजलं तरी आम्ही शिस्तीतलेच निघतो : रस्त्यावरची उचलली, घरी नेली, लस दिली, नसबंदी केली. यापुढे अजून काय करायला हवं होतं ते सांगा.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार : लिफ्ट.

दोन वर्षांपूर्वी आपण लिफ्टच्या दारावर पाटी लावली, ‘पाळीव प्राण्यांस मनाई’. मी तेव्हा वाद घातला नाही. चौथा मजला आहे, पण भुरी धडधाकट होती, जिना चढायची. एका ताईंना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असं वाटलं. दिवाळीपासून मात्र चित्र पालटलं आहे. तिला दिवसातून तीनदा खाली न्यावंच लागतं. मागच्या पायाला आधार द्यायला पोटाखालून जुन्या पंचाची झोळी करतो. मी पुढून पट्टा धरते, मुलगा मागून पंचा उचलतो, आणि असं एकेक पायरी उतरतो. दुसऱ्या मजल्यावर ती थांबते. बसत नाही, पाय हवेत धरून नुसती उभी राहते आणि भिंतीकडे बघते. मुलगा कॉलेजला गेला की यजमान तिला उचलून घेतात. त्यांची पाठ आधीच दुखरी, आणि चोवीस किलोचं जनावर सिमेंटच्या पोत्यासारखं गप्प राहत नाही. त्याच वेळी शेजारून लिफ्ट रिकामी वर जाते.

शस्त्रक्रियेनंतर हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. सर्जनची सूचना स्पष्ट आहे : तेवढे दिवस जिना नाही, उडी नाही, गुळगुळीत फरशीवर चालणं नाही, फक्त पट्ट्याने थोडं थोडं फिरवायचं. जिन्यावर पाय घसरला तर स्क्रू सैल होतो, प्लेट वाकते, आणि लाखाचं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे शेजाऱ्यांनी ज्या पायासाठी पैसे दिले तो पाय ही पाटी मोडू शकते. हा मी अतिशयोक्तीने मांडलेला मुद्दा नाही, सर्जनच्या सूचनांच्या कागदावर छापलेला मजकूर आहे.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये गृहसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये, त्यासाठी वेगळे पैसे लावू नयेत, आणि बहुमताने ठराव केला तरी कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात लिहिलं आहे. त्याच सूचनांत मालकांनीही कुत्रा पट्ट्यात ठेवावा, घाण स्वतः उचलावी, शेजाऱ्यांचा विचार करावा, हेही आहे, आणि तेही मी पाळते. ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, न्यायालयाचा निकाल नाही, हे मला कळतं. पण हे मंडळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६२ साली स्थापन झालेलं आहे, कुणा हौशी मंडळींचा क्लब नाही. गुडघ्यात प्लेट बसवलेल्या जनावराला चार मजले चढायला लावणं त्या कायद्याच्या भाषेत काय ठरेल, हे कार्यकारिणीतल्या वकीलसाहेबांनी एकदा शांतपणे वाचून सांगावं. मला कुणावर तक्रार दाखल करायची हौस नाही. मला लिफ्ट हवी आहे.

तर माझ्या मागण्या या.

लिफ्टवरची पाटी निदान शस्त्रक्रियेनंतरच्या बारा आठवड्यांसाठी भुरीपुरती शिथिल करावी, आणि कायमचा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. यात आमच्याकडून पुढचं मान्य : शाळा-ऑफिसच्या गर्दीच्या वेळेत लिफ्ट वापरणार नाही. आत कुणी असेल आणि त्यांना नको असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहू. ज्या ताईंना भीती वाटते त्यांच्याशी मी आधीच बोलले आहे. त्या म्हणाल्या, ‘निघायच्या आधी फोन करत जा, म्हणजे झालं.’ लिफ्टमध्ये केस पडला, ओलं झालं, तर पुसायचं कापड आमचं.

पैसे गोळा करण्याबाबतची सूचना मागे घ्यावी. आवारात कशासाठीही पैसे जमवायचे असतील तर त्याला नियम हवा, हे मला पटतं. तो सगळ्यांना सारखा असावा. हिशेब फलकावर लावणं सक्तीचं करा, वेळ आणि जागा ठरवून द्या, आधी कळवायला सांगा. भुरीसाठी, वॉचमनच्या मुलीसाठी आणि गणपतीसाठी एकच नियम. तो नियम झाला तर पहिली सही माझी.

आमचा जमाखर्चाचा कागद होता त्या जागी परत लावावा. तो काढल्यापासून तिघांनी मला वेगवेगळे आकडे ऐकवले, आणि तिन्ही चूक होते.

ग्रुप सभासदांसाठी पुन्हा खुला करावा. पाणी कधी येणार, हेसुद्धा सध्या विचारता येत नाही.

सांबारवडीच्या दिवशी जे घडलं त्याबद्दल वॉचमन आणि काकूंशी कुणीतरी दोन शब्द बोलावेत. लेखी काही नको. खाली गेल्यावर उभ्या उभ्या बोललात तरी पुरे.

शस्त्रक्रियेच्या तारखेच्या आठवडाभर आधी मला उत्तर हवं आहे, कारण नकार असेल तर भुरीला बारा आठवड्यांसाठी तळमजल्याची खोली भाड्याने शोधावी लागेल आणि तो खर्च हिशेबाच्या कागदात वाढेल. उत्तर आलं नाही तर अधिनियमातल्या तरतुदीप्रमाणे एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आपल्याकडे छप्पन्न सभासद आहेत, म्हणजे बारा सह्या पुरतात. काल संध्याकाळपर्यंत एकोणीस झाल्या आहेत. त्यातल्या चार जणांच्या घरी कधी कुत्रं नव्हतं, आणि एक सही त्या ताईंची आहे.

कळावे,
आपली,
बी विंग, चौथ्या मजल्यावरची सभासद